शेवटचा रकाना

चौथीच्या मुलांना ग्रामपंचायत शिकवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. नुसतं समजत नव्हते, सांगत फिरत होते. महिन्याच्या शिक्षण परिषदेत आसपासच्या शाळांचे शिक्षक जमले की मी हमखास उठायचे. सरपंच, उपसरपंच, सदस्यसंख्या असलं घोकून घेऊ नका, मुलांना गाव दाखवा, असं माझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेल्या गुरुजींना ऐकवायचे. ते बिचारे माना डोलवायचे. माझ्या तोंडाला लागायची कोणाची हौस नव्हती. चूक दिसली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि स्वतःची सोडून बाकी सगळ्यांची चूक मला लांबून दिसते.

हे लिहितेय ते माझ्या चुकीविषयी. चूक म्हणणंही सौम्यच झालं. माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने खरं लिहिलं होतं. ते मी तिच्याच हाताने बदलायला लावलं, आणि त्यापायी तिच्या वडिलांचं काम गेलं. हे मी आजवर कोणालाही नीट सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं सांगितलंय, तेही माझ्या सोयीचं अर्धं.

मी मूळची धुळ्याची. आमच्या लहानपणी घरात दोन कॅलेंडरं असत. एक भिंतीवरचं आणि एक पाण्याचं. पाण्याचं कॅलेंडर आईच्या डोक्यात असे. कपडे कधी भिजवायचे, पाहुण्यांना कधी बोलवायचं, न्हाणं कोणत्या दिवशी, सगळं त्यावर ठरायचं. नगराध्यक्ष कोण हे आईला ठाऊक नव्हतं, पण पाणी सोडणाऱ्या माणसाची सायकल ती आवाजावरून ओळखायची. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला की बायका हांडे घेऊन ओट्यावर. त्यामुळे स्थानिक शासन म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी नळाने शिकवलं. पुढे शिक्षिका झाले तेव्हा वाटलं, आपण मुलांना इथूनच शिकवायचं.

शाळा जळगाव तालुक्यातली. जळगावहून असोद्याच्या रस्त्याने स्कूटीवर जायचे. असोदा मागे टाकलं की दोन्ही बाजूंना केळी, मध्येच कापूस, आणि मग आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं मला अजून ओळखतात आणि भेटली की ओढून चहाला नेतात.

मुलीचे वडील त्या गावचे व्हॉल्वमन. म्हणजे टाकीवरून कोणत्या गल्लीला पाणी सोडायचं, ते व्हॉल्व उघडून आणि बंद करून बघणारे. गावातलीच मुलगी केलेली आणि सासऱ्याच्या घराशेजारीच राहिलेले, म्हणून सगळं गाव त्यांना जावई म्हणायचं. लहान पोरंसुद्धा. मूळचे धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याकडचे, त्यामुळे बोली वेगळी. जळगावच्या या बाजूचं बोलणं निराळं आणि त्यांचं निराळं, त्यावरून पारावर त्यांची टिंगल चालायची. मी धुळ्याची आहे कळल्यावर मात्र ते माझ्याशी मोकळेपणाने अहिराणीत बोलू लागले. शाळेच्या टाकीत पाणी सोडायला आले की दारातूनच म्हणायचे, "मॅडम, पोर माले इचारस, पाणी कथाईन येस, कोठे जास. मी काय सांगू? तुम्हीच शिकाडा तिले." मलाही बरं वाटायचं. नोकरीच्या गावात आईची भाषा बोलणारं कोणीतरी होतं.

मुलगी वर्गात फारसं बोलायची नाही. अक्षर मात्र असं, की वहीचं पान मी बाकीच्यांना दाखवत फिरायचे. सकाळी शाळेआधी ती वडिलांच्या सायकलवर मागे बसून जायची. त्यांच्याकडे लांब दांड्याची लोखंडी चावी असायची, ती खड्ड्यात घालून व्हॉल्व फिरवायचा. दांडा धरून ती आटे मोजायची. मोठ्या गल्लीचा व्हॉल्व बारा आटे, शाळेमागच्या वस्तीचा सहा. तिने मला हे एकदा सहज सांगितलं होतं. मी म्हटलं, शाब्बास.

त्या वर्षी मी ग्रामपंचायतीचा पाठ फार थाटात घ्यायचं ठरवलं. त्याला कारण होतं. तालुक्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी माझा प्रस्ताव जाणार होता. फाईलमध्ये उपक्रमांचे फोटो लागतात, बातम्यांची कात्रणं लागतात, ग्रामपंचायतीचं शिफारसपत्र असलं तर वजन पडतं. मला पुरस्काराचा मोह नाही असं मी चारचौघांत म्हणायचे आणि घरी आल्यावर फाईलची पानं पुन्हा क्रमाने लावत बसायचे.

आम्ही वर्गात ग्रामपंचायत काढली. चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं, बोटाला मार्करची शाई लावली. पाणीपुरवठा समितीच्या प्रमुखपदी ही मुलगी निवडून आली. सगळ्यांनी तिलाच मत दिलं, कारण पाण्याचं तिला कळतं हे पोरांना माझ्याआधी माहीत होतं. मग मी उपक्रम दिला. गावातल्या सहा गल्ल्या, प्रत्येकीपुढे चौदा दिवसांचे चौदा चौकोन. ज्या दिवशी पाणी येईल तो चौकोन निळा रंगवायचा. आणि उजवीकडे शेवटचा रकाना, त्याचं शीर्षक: "हे कोण ठरवतं?" हा रकाना माझ्या खास डोक्यातून निघालेला. पाठाचं सगळं सार त्या एका प्रश्नात आहे, असं मी परिषदेत सांगणार होते.

दोन आठवडे मुलांनी नोंदी आणल्या. बहुतेकांनी अंदाजपंचे. कोणी आजीला विचारून, कोणी शेवटच्या दिवशी एकदम. हिच्या वहीत मात्र सहाही गल्ल्यांच्या नोंदी होत्या, वारांसकट. मोठा तक्ता तिनेच तयार केला. मोठ्या गल्लीसमोर एकाआड एक निळे चौकोन. शाळेमागच्या वस्तीसमोर चौदापैकी दोन. शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीत तिने लिहिलं होतं, "पप्पांना सरपंच आबांचा फोन येतो." खालच्या पाच ओळींत वरीलप्रमाणे म्हणून दोन-दोन रेघा.

मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. वाचलं, तिच्या पाठीवर थाप दिली, आणि रेघा पट्टीने मारल्या नाहीत म्हणून दोन रेघा पुन्हा मारायला लावल्या. मुलीने स्वतः बघून लिहिलंय याचं मला कौतुक होतं. ती काय लिहितेय याकडे माझं लक्ष नव्हतं. मोठ्या गल्लीत सरपंचांचं घर आहे, हे मला ठाऊक नव्हतं का? दर महिन्याला मी तिथे चहा प्यायचे. पण ते घर आणि हे निळे चौकोन यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. मला तक्ता देखणा दिसत होता.

तो तक्ता मी सव्वीस जानेवारीला व्हरांड्यात लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत येईल असा.

आमच्याकडे झेंडावंदन शाळेत होतं आणि त्याच मैदानात मागोमाग ग्रामसभा. एरवी झेंडा झाला, पोरांना चॉकलेटं वाटली की लोक पांगतात. ग्रामसभेला उरतात ग्रामसेवक, सदस्य आणि ज्यांना बसायला सांगितलेलं असतं ते. मग रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या गोळा होतात. मीही त्या रजिस्टरवर वर्षानुवर्षं सही केली होती, सभेला एकदाही न बसता. आणि वर्गात शिकवायचे, ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा.

त्या दिवशी लोक पांगले नाहीत. मुलांचे कार्यक्रम बघायला आलेल्या वस्तीतल्या बायका व्हरांड्यात तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. पोरं त्यांना हौसेने बोट ठेवून दाखवत होती, ही आपली गल्ली, ही मोठी गल्ली. एक म्हातारी अक्का माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीले दोनच निळे काहून? बाकीचे सांडले का कोठी?" बायका हसल्या. मीही हसले. मग एकीने शेवटचा रकाना मोठ्याने वाचला आणि हसणं थांबलं.

ग्रामसभा सुरू झाली तेव्हा त्या सगळ्या मैदानातच बसल्या. त्यातली एक उठली आणि तिने विचारलं, आमच्या वस्तीले पाणी सोडू नका असा फोन कोण करतं ते सांगा. सरपंच माणूस वाईट नाही. म्हणजे तोंडाने वाईट नाही. त्यांनी माईक हातात घेतला, हसले आणि म्हणाले, "अहो, शाळेतल्या लेकरांचं चित्र आहे ते. त्याच्यावरून ग्रामसभा चालवायची का? मॅडम इथेच आहेत. मॅडम, सांगा बरं, हे मोजून केलंय का?"

माईक हातोहात माझ्याकडे आला. मुली पहिल्या रांगेत खाली बसल्या होत्या, छातीला कागदी झेंडे टाचलेले. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिचे वडील लाऊडस्पीकरच्या वायरीपाशी उभे होते. सभेच्या दिवशी तेही काम त्यांच्याकडेच असायचं. मला एवढंच म्हणायचं होतं, हो, मोजून केलंय. तीन शब्द. ते तीन शब्द माझ्या जिभेवर होते, हे मी शपथेवर सांगेन. मी म्हणाले, "मुलांचा उपक्रम आहे हो. मुलांनी आपल्या अंदाजाने भरलाय."

"झालं तर," सरपंच म्हणाले. "लेकरं चुकतात, त्यात काय. मॅडम दुरुस्त करून घेतील. दुरुस्त केलेला तक्ता आपण ग्रामपंचायतीत लावू. शाळेचं काम आहे, मान द्यायला पाहिजे." टाळ्या पडल्या. मला लाज वाटायला हवी होती. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडं बरंही वाटलं. तक्ता ग्रामपंचायतीत लागणार होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला वर्गात थांबवून घेतलं. बाहेर पोरं खिचडीला बसली होती. नवीन कार्डशीट पुढे ठेवली, जुना तक्ता शेजारी. वस्तीसमोर आणखी चार चौकोन निळे करायला सांगितले. तिने विचारलं, "कोणत्या वारी?" मी म्हटलं, कुठलेही. तिने निळा रंगखडू हातात धरला आणि बराच वेळ कुठलेही चार चौकोन तिला निवडता येईनात. शेवटी मीच बोट ठेवून दाखवले.

मग शेवटचा रकाना. मी म्हटलं, इथे लिही, व्हॉल्वमन.

"पण मॅडम, पप्पांना फोन येतो."

"फोन कोणाचाही येऊ दे. व्हॉल्व कोण फिरवतं?"

"पप्पा."

"मग कोणी ठरवलं?"

माझा पारा चढला. सुट्टी संपत आली होती, सरपंच तक्ता न्यायला माणूस पाठवणार होते, आणि ही पोर माझ्याकडे बघत बसली होती. मी आवाज चढवला. "ज्याच्या हातात चावी, तो ठरवतो. एवढं कळत नाही? लिही." तिने लिहिलं. दुसऱ्या ओळीत रेघा मारायला लागली तर मी म्हटलं, रेघा नकोत, सगळीकडे पूर्ण शब्द लिही, नीट दिसतं. सहा वेळा तिने तो शब्द लिहिला, त्याच सुरेख अक्षरात. खाली स्वतःचं नाव, इयत्ता, पाणीपुरवठा समिती प्रमुख. मी लाल पेनने "छान" लिहिलं आणि चांदणी काढली.

हे करताना मला खरं-खोटं कळत नव्हतं का? कळत होतं. मी स्वतःशी घोकत होते की तसं बघितलं तर हेही खोटं नाही, व्हॉल्व तर तेच फिरवतात. चौथीच्या मुलीपुढे मी वकिली केली आणि जिंकले.

संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. सरपंचांनी टाकलेला. वर मजकूर: आपल्या शाळेच्या उपक्रमातून पाणीवाटपातला दोष समोर आला, व्हॉल्वमनच्या मनमानीची दखल घेण्यात येईल, मॅडमचं आणि विद्यार्थिनीचं अभिनंदन. खाली अंगठे, फुलं, हार. कोणीतरी लिहिलं, बघा, जावयाच्या पोरीनेच लिहिलंय, आता आणखी काय पुरावा पाहिजे. मी जळगावात स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर भाजी होती. ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग मी काय केलं, तर हात जोडल्याचं चित्र टाकलं. सगळ्यांनी अभिनंदन केल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून.

त्यानंतरचे दिवस मी शाळेत गेले, शिकवलं, आले. वस्तीतल्या बायका जावयांच्या दारात जाऊन भांडल्या, असं पोरांच्या बोलण्यातून कळलं. आमच्या तोंडचं पाणी पळवतोस आणि आमच्याच गल्लीतून सायकल फिरवतोस म्हणाल्या. ते काय उत्तर देणार? फोन येतो म्हणावं, तर त्यांच्याच मुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं की फोन नाही, तेच. गावात त्यांचे भाऊबंद कोणी नव्हते. सासरे म्हातारे. मासिक सभेत ठराव झाला आणि चावी दुसऱ्याकडे गेली. नवा व्हॉल्वमन मोठ्या गल्लीतलाच. वस्तीला पाणी होतं तितकंच राहिलं.

ठराव व्हायच्या आधी मी एकदा ग्रामपंचायतीत गेले होते. खरं सांगायचं, असं ठरवून गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती, सरपंच आबा, तो रकाना मी लिहायला लावला, मुलीची चूक नाही. पायऱ्या चढले. सरपंच उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. तक्ता त्यांच्या मागच्या भिंतीवर लावलेला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. "मॅडम, तुमचं शिफारसपत्र. फार चांगलं लिहिलंय ग्रामसेवकांनी, वाचून बघा." मी वाचलं. सत्यनिष्ठ, समाजाभिमुख, विद्यार्थीप्रिय. असे तीन शब्द होते त्यात. मी चहा प्यायले, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि पायऱ्या उतरले. पुरस्कार त्या वर्षी भलत्याच कोणाला मिळाला. मिळाला असता तर मी शाल घेतली असती, याचीही मला खात्री आहे.

मुलगी या सगळ्या काळात रोज शाळेत येत होती. गृहपाठ करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. एक बदल मात्र झाला. पूर्वी ती वहीत एखाद्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या मनाने लिहायची. आता फळ्यावर मी लिहीन तेवढंच उतरवायची. मी फळा पुसून म्हटलं, आता आपल्या शब्दांत लिहा, की पेन ठेवून बसून राहायची. मी तिच्या बाकाजवळ जायचं टाळू लागले. वही दाखवायला मुलं रांगेत आली की मी तिची वही न वाचताच सही करायचे.

फेब्रुवारी संपता संपता तिचे वडील दाखला न्यायला आले. नरडाण्याच्या कारखान्यांमध्ये काम मिळतंय, भाऊ तिथे आहे, बिऱ्हाड हलवतोय म्हणाले. सोबत ती होती, गणवेशात नव्हती. मुख्याध्यापक मीटिंगला गेले होते, दाखला लिहायचं काम माझ्यावर होतं. मी रजिस्टर उघडलं. जन्मतारीख, प्रगती चांगली, वर्तन चांगलं. शाळा सोडण्याचं कारण असा एक रकाना असतो. मी तिथे लिहिलं, पालकांचं स्थलांतर.

दाखला त्यांच्या हातात दिला, तरी ते उठले नाहीत. मुलीला म्हणाले, जरा बाहेर थांब. ती दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. तिला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, एक इचारू का?" ते म्हणाले. "पोरनी ते असं काब्र लिखं? पहिले तर बरोबर लिखेल व्हतं तिनी. मी घरमा इचारं, तिनी मायनी इचारं. बोलस नही. मारबी खादा मायना. एकच सांगस, मीच लिखं, मनाच मनथीन लिखं." काब्र, म्हणजे का, एवढंच त्यांना हवं होतं. ते पुढे म्हणाले, "तुम्हले काही सांगं का तिनी? माले बाकी काही नको मॅडम. फक्त समजू द्या, मन्ही पोर मन्हावर काब्र उलटनी."

म्हणजे तिने माझं नाव घेतलंच नव्हतं. आईचा मार खाल्ला, बापाचं काम गेलेलं डोळ्यांनी पाहिलं, आणि मॅडमनी लिहायला लावलं हे ती घरात बोलली नव्हती. कशासाठी, ते मला आजही कळलेलं नाही. मला वाचवायला, की मॅडम म्हणतात तेच खरं असं तिला पटलं होतं म्हणून. दुसरं जास्त भयंकर आहे आणि तेच असावं असं मला वाटतं.

आता गावाचा प्रश्न नव्हता, ठराव होऊन गेला होता, फाईल जाऊन आली होती. माझं काहीही जाणार नव्हतं. एका माणसाला एवढंच सांगायचं होतं की तुमची मुलगी तुमच्यावर उलटली नाही. मी दाराकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, ग्रामसभेत बघत होती तशी.

मी म्हणाले, "लहान आहे हो. एवढी माणसं बघून घाबरली असेल. तिला रागावू नका."

त्यांनी मान हलवली. माझं बोलणं त्यांनी खरं मानलं. मी त्यांच्या मुलीची बाजू घेतली म्हणून त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, दाखला घडी करून खिशात ठेवला आणि तिला हाक मारली, "ये वं बेटा, मॅडमना पाया पड."

ती आत आली. वाकली, दोन्ही हात माझ्या पायांना लावले आणि कपाळाला नेले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, खूप शिक, मोठी हो.